सोलापूरच्या वस्त्यांची गरज मोजायची असेल तर : महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
तसेच सर्व नगरसेवक आणि झोन अधिकारी

विषय : कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील गरजांचे सर्वेक्षण कसे व्हावे याबाबत

स. न. वि. वि.

२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या झोपडपट्ट्यांत राहणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक मोजले गेले, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. त्यानंतरची जनगणना आता २०२७ ची. ती झाली तरी तिच्यातून घरे कळतील, माणसे कळतील, नळ आहे की नाही हे कळेल. नीलम नगरच्या मागच्या गल्लीत किंवा सेटलमेंटच्या (ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे कोंडले त्या वसाहतीच्या) कडेच्या घरात कशावाचून अडते आहे, ते कळणार नाही. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण करावे लागते, आणि ते चुकीच्या पद्धतीने केले तर न केल्यापेक्षा जास्त नुकसान होते. चुकीचा आकडा एकदा फायलीत गेला की पुढची पाच-सात वर्षे तोच खरा धरला जातो. वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन माहिती गोळा करणे, ती तपासणे आणि तिच्यावरून मागण्या मांडणे हेच आमचे काम आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली विनंती : गरजांच्या सर्वेक्षणाची आणि पात्र-अपात्र ठरवण्याच्या सर्वेक्षणाची गल्लत होऊ देऊ नका. वस्तीत ‘सर्व्हे’ हा शब्द उच्चारला की लोकांना घर आठवते. त्याला कारण आहे. १९७६ ला राज्यात झोपड्यांची गणना झाली आणि त्यावरून फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची ओळखपत्रे, दिले गेले. पुढे कोणत्या तारखेपर्यंतची झोपडी संरक्षित यावर अख्ख्या वस्त्यांचे भवितव्य ठरत गेले. आधी १ जानेवारी २०००, मग सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पुनर्वसनासाठी पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव आले की नाही यावर लोक कोर्टापर्यंत गेले. मोठ्या शहरांतल्या या गोष्टी इथल्या लोकांनाही ठाऊक आहेत. हातात फॉर्म घेऊन माणूस दारात आला की भाडेकरू स्वतःला घरमालकाचा पाहुणा म्हणवतो, घरमालक माळ्यावरच्या कुटुंबाचे नाव घेत नाही, आणि गावी गेलेला मुलगाही ‘इथेच राहतो’ असे लिहून घेतले जाते. हे खोटेपण नाही. घर वाचवायचे तर माणूस असेच बोलतो.

तेव्हा काम सुरू होण्याआधी आयुक्तांच्या सहीचा एक पानी आदेश निघावा. ही माहिती अतिक्रमण विभागाला, मालमत्ता कर विभागाला किंवा कोणत्याही पुनर्वसन यादीसाठी दिली जाणार नाही, असे त्यात स्पष्ट असावे. तो मोठ्या अक्षरांत वस्तीत लावावा. सर्वेक्षकाने आधार कार्डाची प्रत मागू नये, घराचा फोटो काढू नये, आणि भिंतीवर खडूने किंवा रंगाने क्रमांक तर मुळीच टाकू नये. भिंतीवर आकडा पडला की घर पाडायला येणार अशी अफवा संध्याकाळपर्यंत पसरते. क्रमांक नकाशावर द्या, भिंत मोकळी राहू द्या.

नकाशा हीच सुरुवात असावी. घोषित झोपडपट्ट्यांच्या यादीवरून काम सुरू केले तर सगळ्यांत गरीब माणसे पहिल्याच पायरीवर गळतात. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित न झालेल्या वस्त्या, रेल्वे रुळांच्या कडेची घरे, बांधकामावरच्या मजुरांचे पत्रे, भटक्यांची पालं, जुन्या चाळींतल्या एकेका खोलीतली दोन-दोन कुटुंबे, यांतले कोणीच त्या यादीत नसते. उपग्रह नकाशाची मोठी प्रत छापून घ्या आणि वस्तीतल्या चार-पाच जणांना बरोबर घेऊन कडेकडेने चाला. त्यांत दोन तरी बायका हव्यात, आणि एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असला तर उत्तम, कारण गल्लीतला प्रत्येक बोळ त्यालाच माहीत असतो. नळ, व्हॉल्व, हापसे, बोअर, शौचालये, तुंबणारी गटारे, बंद पडलेले दिवे, अंगणवाडी, रेशन दुकान, दारूचा गुत्ता हे सगळे त्याच कागदावर उतरवा. तीनशे घरांच्या वस्तीला यासाठी अर्धा दिवस पुरतो. आणि याच फेरीत कळते की ज्याला आपण एक वस्ती म्हणतो त्यात खरे तर तीन वस्त्या आहेत. रस्त्यालगतची पक्की घरे, मधली पत्र्याची, आणि ओढ्याकडेची, जिथे पावसाळ्यात पाणी शिरते. या तिघांची सरासरी काढली तर ओढ्याकडचे लोक आकड्यातून पुसले जातात. त्यामुळे नोंदी पहिल्यापासून वेगळ्या ठेवा.

घर मोजताना दार मोजू नका, चूल मोजा. एका दाराआड दोन भावांच्या दोन शेगड्या असतील तर ती दोन कुटुंबे. रेशन कार्डावर मात्र ती बहुतेकदा एकच असतात, कारण कार्ड वेगळे करण्यासाठी दिवसभराची मजुरी बुडवून हेलपाटे घालावे लागतात. शेगड्या आणि कार्डे यांतली ही तफावत हीच एक मोठी गरज आहे, आणि ती फक्त मोजणीतून दिसते.

आता किती घरांत जायचे हा प्रश्न. आमच्या मते दोन थर करावेत. पहिल्या थरात प्रत्येक घराची छोटी नोंद, आठ-दहा प्रश्नांची, सात-आठ मिनिटांची : माणसे किती, वये काय, सहा वर्षांखालील मुले, एकटे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले कोणी, कार्ड कोणत्या रंगाचे, भाड्याने की स्वतःचे, पाणी आणि शौचालय कुठले. दुसऱ्या थरात दर चौथ्या घरात सविस्तर मुलाखत, अर्ध्या-पाऊण तासाची. वस्ती दीडशे घरांपेक्षा लहान असेल तर सगळीकडे सविस्तरच करा. नुसत्या नमुन्यावर भागवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. अख्ख्या शहरासाठी एकच टक्केवारी हवी असेल तर पाच टक्के कमी-अधिक धरून ३८४ घरे पुरतात, एकाच वस्तीतली घरे एकमेकांसारखी असतात म्हणून ती दुप्पट करावीत, म्हणजे पावणेआठशेच्या आसपास, हे गणित बरोबर आहे. पण त्या पावणेआठशे घरांवरून कोणत्या गल्लीत शौचालय बांधायचे हे ठरत नाही, आणि अंथरुणावर पडलेली म्हातारी नमुन्यात येण्याची शक्यता फारच कमी. तिला शोधायचे तर प्रत्येक दारात जावे लागते.

मनुष्यबळाचा हिशेब असा आहे. दोघांची एक जोडी दिवसाला छोट्या नोंदीची पंचवीस घरे किंवा सविस्तर मुलाखतीची आठ घरे नीट करू शकते. तीनशे घरांच्या वस्तीत पहिल्या थराला बारा जोडी-दिवस, दुसऱ्या थरातल्या पंचाहत्तर घरांना नऊ ते दहा. बंद घरे आणि दुरुस्त्या धरून एकूण तीस धरा. तीन जोड्या लावल्या तर दहा दिवसांत वस्ती पूर्ण होते. एखादी संस्था याच वस्तीचे काम दोन दिवसांत करून देतो म्हणाली, तर फॉर्म कट्ट्यावर बसून भरले जाणार आहेत असे समजा.

जोडीतली एक व्यक्ती वस्तीतली असावी, पण तिला तिची स्वतःची गल्ली देऊ नये. शेजारणीसमोर कोणी कर्जाचा आकडा सांगत नाही, टीबीचे औषध चालू आहे हे सांगत नाही, नवरा मारतो हे तर नाहीच. दुसरी व्यक्ती बाहेरची. भाषा बघून जोड्या लावा. पूर्व भागात तेलुगू, कुठे कानडी, कुठे दखनी, कुठे मराठी, आणि पालांवर आणखी वेगळ्या बोली. प्रश्नावली मराठीत छापून सर्वेक्षकाने जागच्या जागी भाषांतर करायचे ठरवले तर ‘कर्ज’, ‘उसने’ आणि ‘हप्ता’ यांतला फरक पहिल्याच दिवशी हरवतो. प्रश्न चारही भाषांत आधी लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि वीस-पंचवीस घरांत करून पाहा. ज्या प्रश्नाला सगळीकडून सारखेच उत्तर येते तो काढून टाका.

आशा आणि अंगणवाडी ताईंवर हे काम लादू नका. शहरी भागात एका आशाकडे दोनशे ते पाचशे घरे असतात आणि त्यांच्या नोंदवह्यांना आधीच अंत नाही. त्यांच्याकडून माहिती जरूर घ्या, कारण कोणत्या घरात गरोदर बाई आहे आणि कोणत्या घरातले मूल वजनात भरत नाही हे त्यांना तोंडपाठ असते. पण मानधन देऊन. वस्तीतल्या ज्या बायका सर्वेक्षक होतील त्यांचीही त्या दिवसाची विडी वळण्याची कमाई बुडणार आहे, हे त्यांची रोजची मजुरी ठरवताना लक्षात ठेवा.

वेळेची निवड हा सोलापुरात स्वतंत्र विषय आहे. ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी त्या भागात जाऊच नका, कोणी दोन मिनिटेही देणार नाही. विडी वळणाऱ्या बायका सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायला जातात. दुपारी त्या घरी असतात, आणि हात चालू ठेवून उत्तरे देऊ शकतात. धुणी-भांडी करणाऱ्या बारा ते तीनमध्ये भेटतात. यंत्रमागावर रात्रपाळी केलेला पुरुष सकाळी झोपलेला असतो, त्याला उठवू नका. नाक्यावर जाणारे मजूर सातच्या सुमारास निघतात आणि अंधार पडल्यावर येतात, त्यांच्यासाठी रविवार किंवा संध्याकाळ ठेवावी लागते. कुलूप दिसले की ‘घर बंद’ लिहून पुढे जाण्याची सवय सर्वाधिक घातक आहे. दिवसा बंद असलेली घरे म्हणजे ज्यांच्या घरी सगळेच कामाला जातात ती घरे. ती वगळली की तुमच्या आकड्यांत कष्टकरीच कमी होतात. वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या झाल्याशिवाय घर बंद धरू नये.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळे अवलंबून आहे. ‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न आम्ही कटाक्षाने टाळतो. त्याला लोक जे मिळण्यासारखे वाटते ते उत्तर देतात : पेव्हर ब्लॉक, गटार, समाजमंदिर. मागच्या वेळी मिळालेली वस्तूच पुढच्या वेळी मागितली जाते, कारण पालिका ती देते हे माहीत असते. मुलीला शाळेतून काढले, डोळ्यांचे ऑपरेशन लांबवले, दुपारचे जेवण सोडले, यांतले काहीही पालिकेकडे मागण्यासारखे आहे असे कोणाला वाटतच नाही. म्हणून गरज विचारू नका. वेळ, अंतर, लिटर, किलो आणि रुपये विचारा. गरज त्यातून निघते.

पाण्याचेच बघू. ‘घरात नळ आहे का?’ असे विचारले तर बहुतेक घरे ‘आहे’ म्हणतील आणि तुमचा तक्ता हिरवा होईल. सोलापूरला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांनी एकदा पाणी मिळत आले आहे. त्यामुळे इथे खरा प्रश्न साठवणीचा आहे. समजा, सहा माणसांच्या घरात दोनशे लिटरचे एक टिपाड आणि पंधरा लिटरच्या पाच घागरी आहेत. सगळे भरले तरी २७५ लिटर. पाच दिवस आणि सहा माणसे, म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम नऊ लिटर. मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी केंद्राचे मानक माणशी १३५ लिटरचे आहे आणि सार्वजनिक नळावरच्यांसाठीसुद्धा ४० लिटरचे. ते ४० लिटर द्यायचे तरी या घराला १,२०० लिटर, म्हणजे सहा टिपाडे भरून ठेवावी लागतील. एका टिपाडाला दोन फूट बाय दोन फूट जागा लागते, सहांना चोवीस चौरस फूट. दहा बाय बाराच्या खोलीचा तो पाचवा भाग झाला. म्हणून विचारायचे ते असे : भांडी किती आणि केवढी, शेवटचे पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता आले, किती वेळ टिकले, मोटर लावल्याशिवाय चढते का, टिपाड भरायला किती मिनिटे लागतात, रात्री कोण जागते, मधल्या दिवसांत पाणी कुठून आणि किती रुपयांना. शक्य तिथे पाणी चालू असताना नळाखाली पंधरा लिटरची घागर धरून घड्याळ लावावे. त्याच पाइपवरच्या पहिल्या आणि शेवटच्या घरातला फरक एवढ्या एका मोजणीतून निघतो. उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीतून शहरात कितीही जास्त पाणी आले, तरी ते शेवटच्या घरात पोहोचते का याचे उत्तर पंपिंग स्टेशनच्या वहीत मिळणार नाही.

याच टिपाडांशी डेंग्यू जोडलेला आहे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, ती कोरडी पडली तरी टिकतात. पाच दिवसांनी पाणी येणार असेल तर कोणतीही बाई टिपाड रिकामे करून घासणार नाही, कारण तळाचे पाणी तिला हवे असते. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’ ही पाटी लावण्याआधी किती टिपाडांना घट्ट झाकण आहे हे मोजा. कदाचित त्या वस्तीला फवारणीपेक्षा झाकणे आधी लागतील, आणि ती फार स्वस्त पडतात.

शौचालयाचे गणितही वस्तीनिहाय व्हावे. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांनुसार सामुदायिक शौचालयात पंचवीस स्त्रियांमागे एक आणि पस्तीस पुरुषांमागे एक सीट हवे. तीनशे घरांत साडेतेराशे माणसे धरली आणि शंभर घरांत स्वतःचे, वापरात असलेले शौचालय असेल, तर उरलेल्या नऊशे जणांसाठी स्त्रियांची अठरा आणि पुरुषांची तेरा सीट लागतात. आता जागेवर जा आणि चालू सीट मोजा. ज्याला कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही किंवा जे तुंबलेले आहे ते सीट शून्य धरा, मग ठेकेदाराच्या बिलात काहीही असो. पहाटे साडेपाच ते आठ रांगेत किती जण उभे आहेत ते दर अर्ध्या तासाने लिहा. रात्री दहानंतर कुलूप लागते का, वृद्धांना बसता येईल असे एक तरी सीट आहे का, पाळीचे कापड किंवा पॅड टाकायची सोय आहे का, हे बायकांनीच बायकांना विचारावे. आणि घरातले शौचालय ‘आहे’ लिहिताना त्याचा पाइप कुठे जातो हेही बघावे : ड्रेनेजला, शोषखड्ड्याला की सरळ उघड्या गटारात.

उत्पन्न विचारू नये असे आमचे ठाम मत आहे. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी शहरात ५९,०००, आरटीई प्रवेशासाठी एक लाख, लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख. ज्या योजनेचे नाव डोक्यात असेल तिच्या मर्यादेत बसणारे उत्तर येणार, आणि ते येणे स्वाभाविक आहे, कारण महिन्याला १,७५० रुपयांत कोणाचे कुटुंब चालते? त्याऐवजी खर्च आणि काम विचारा. भाडे किती, लाइट बिल किती, रेशनशिवाय धान्य किती किलो विकत घेतले, गेल्या महिन्यात औषधाला किती गेले, गटाचा किंवा फायनान्सचा आठवड्याचा हप्ता किती आणि असे हप्ते किती, एक हप्ता भरायला दुसरे कर्ज घेतले का, भिशी मोडली का, काय गहाण ठेवले. हप्ता ज्या वारी असतो त्याच्या आदल्या दिवशी घरात काय शिजते, हा आमचा आवडता प्रश्न आहे. त्याच्या उत्तरातून घराची ओढाताण कोणत्याही उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा नेमकी कळते.

आणि विडी. या शहरात बाईला ‘काय काम करता?’ विचारले की ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर येते आणि फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिले जाते. समोर सुपात तंबाखू आणि कापलेली पाने असतात, तरीही. म्हणून प्रश्न बदला. गेल्या सात दिवसांत विड्या वळल्या का? किती हजार? घरात आणखी कोण वळते? विडी कंपनीचे पासबुक कोणाच्या नावावर? पुष्कळदा पासबुक सासूचे असते आणि तिघी मिळून तिच्या नावावर वळतात. मग भविष्य निर्वाह निधी एकीचा आणि पाठीचे, खांद्याचे दुखणे तिघींचे. छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, किती गेली? दिलेली पाने कमी पडली तर बाजारातून किती रुपयांची आणली? पाने भिजवायला आणि रात्री वळायला जागा-उजेड किती? विडी कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर जीएसटीबरोबर २०१७ मध्ये बंद झाला, त्यामुळे ओळखपत्र असून काय मिळते आणि काय थांबले हेही विचारा. मुलगी विड्यांची टोके मुडपते का, असे थेट विचारले तर ‘नाही’च येणार. गेल्या महिन्यात ती किती दिवस शाळेत गेली ते विचारा आणि शाळेच्या हजेरीशी ताडून पाहा.

रेशनबाबत कार्डाचा रंग लिहून थांबू नका. पिवळ्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळायला हवे. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती किलो घरात आले ते लिहा. सहा माणसांच्या घरात वीस किलो आले असेल तर दोन नावे कुठे गेली ते शोधा : लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढले नाही, की बाळाचे, की ई-केवायसी अडकली. विडी वळून आणि धुणी धुऊन बोटांचे ठसे झिजतात, ई-पॉस मशीन ते घेत नाही, आणि बाई रिकाम्या पिशवीने परत येते. अशा घरांची वेगळी यादी करून अन्नधान्य वितरण कार्यालयाकडे दिली तर ते काम एका शिबिरात होते.

दिव्यांग व्यक्ती शोधताना ‘कोणी अपंग आहे का?’ असे विचारू नका. चष्मा लावूनही नीट दिसत नाही, चालायला किंवा जिना चढायला त्रास होतो, ऐकू येत नाही, आठवत नाही, स्वतःचे स्वतः आवरता येत नाही असे कोणी आहे का, असे एकेक करून विचारा. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे आणि लोकांच्या मनात फार तर चार. लहान मुलांचे कुपोषण ओळखण्यासाठी सर्वेक्षकाकडे दंडघेर (दंडाचा घेर) मोजायची पट्टी असावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर फॉर्म पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे. सेटलमेंट भागात आणि पालांवर जातीच्या दाखल्याचा प्रश्न आवर्जून घ्या. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि ज्यांच्या आज्या-पणज्या तारेच्या कुंपणाआड किंवा रस्त्यावर राहिल्या त्यांच्या घरात तो कागद सापडणे दुर्मिळ. हे लोक शिष्यवृत्तीला का मुकतात याचे उत्तर तिथे आहे.

घरोघरच्या फॉर्मबरोबर गटबैठका घ्या, पण बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, किशोरवयीन मुलींची वेगळी. एकत्र बैठकीत मंडळाचे चार कार्यकर्ते बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. पाणी, शौचालय, दवाखाना, कर्ज, दारू, शाळा, रस्ता, दिवा अशी चित्रे मांडून प्रत्येकीला दहा चिंचोके द्या आणि ज्याचा जास्त त्रास त्यावर जास्त ठेवायला सांगा. न लिहिता-वाचता येणारी आजीही यात मत देते, आणि मोजणी सगळ्यांसमोर होते. पुरुषांच्या आणि बायकांच्या ढिगांत फरक पडला तर सरासरी काढू नका, दोन्ही ढीग अहवालात तसेच छापा.

तपासणीसाठी शंभरातली दहा घरे दुसऱ्या माणसाने पुन्हा पाहावीत. एकाच सर्वेक्षकाच्या सगळ्या घरांत पाच माणसे आणि तीनच भांडी निघत असतील, किंवा सविस्तर मुलाखत सहा मिनिटांत आटोपली असेल, तर ती संपूर्ण गल्ली पुन्हा करावी लागते.

वेळापत्रक असे सुचवतो. छोटी नोंद सप्टेंबरमध्ये करा, म्हणजे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघायच्या आत यादीत येतील आणि पावसात कोणत्या घरात पाणी शिरते हेही दिसेल. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास कोणी भेटत नाही, अर्धी वस्ती तुळजापूरच्या वाटेवर असते. दिवाळीनंतर सविस्तर मुलाखती घेऊन त्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. मग जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी वस्तीचे निष्कर्ष मोठ्या कागदावर, त्या वस्तीच्या भाषेत, शौचालयाच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा आणि पंधरा दिवस हरकती घ्या. संकेतस्थळावर पीडीएफ टाकणे म्हणजे लोकांना दाखवणे नाही. त्या कागदावर कोणाचे नाव, आजार किंवा कर्ज येता कामा नये.

हे झाले तर फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडताना तुमच्या हातात वस्तीनिहाय आकडे असतील. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा निधी बहुतेक शहरांत वर्षअखेरीस घाईघाईने शिलाई मशीन आणि सायकलींवर संपतो. तो कुठे लागणार आहे हे तेव्हा आधी माहीत असेल. जे पालिकेच्या हातात नाही, म्हणजे रेशन, निराधार योजना, दाखले, त्याच्या याद्या तहसील आणि पुरवठा कार्यालयाकडे पाठवून त्याची पोच वस्तीला द्या. कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलांत गेलेली कुटुंबे हद्दीबाहेर आहेत म्हणून सोडू नका. तिथल्याच रे नगर वसाहतीच्या पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले, आणि तिथल्या माणसांचे काम, दवाखाना, बाजार शहराशीच बांधलेले आहे. बस किती वेळाने येते आणि तिकिटाला किती जातात, हे त्यांच्या प्रश्नावलीत असलेच पाहिजे. त्यासाठी जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतीला बरोबर घ्यावे लागेल.

प्रश्नावलीचा मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी मसुदा, दंडघेराच्या पट्ट्या आणि नकाशावरच्या खुणांचा तक्ता आम्ही देऊ शकतो. सुरुवातीला एका झोनमधल्या तीन वस्त्या घ्या : एक घोषित, एक अघोषित आणि एक पालांची. त्या कोणत्या हे ठरवण्यासाठी झोन अधिकाऱ्यांनी बैठक बोलवावी, आणि ती दुपारी तीननंतर ठेवावी, म्हणजे वस्तीतल्या बायकांनाही येता येईल.

आपले,
सोलापूरच्या वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते